विश्लेषण : कुत्र्याच्या मणक्यातील गाठीवर लस चालेल का?

धावता-खेळता लॅब्रेडोर मागच्या पायांत लटपटू लागला, जिना चढेना, की घरचे म्हणतात, ‘वारं गेलं.’ मग स्टिरॉइडचे इंजेक्शन, चार दिवस आराम आणि पुन्हा तेच. बहुतेक वेळा कारण मणक्यांमधील चकती सरकण्याचे असते. गाठ त्या मानाने क्वचित. पण गाठ असेल, तर याच चार दिवसांच्या आरामात मोलाचा वेळ जातो. स्टिरॉइडने सूज उतरते, गाठ तशीच राहते. ती लिम्फोमाची असेल, तर आधी दिलेल्या स्टिरॉइडमुळे निदान हुकू शकते आणि पुढच्या केमोथेरपीचा परिणामही घटतो.

शस्त्रक्रियेने काय साधते?

गाठ कुठे आहे, यावर सारे ठरते. मज्जारज्जूच्या आवरणातून वाढलेला मेनिंजिओमा मणक्याच्या हाडाची कमान कापून काढता येतो. रज्जूच्या आत रुजलेली गाठ काढताना पाय कायमचे जाण्याचा धोका असतो. हाडाचाच कर्करोग असेल, तर शस्त्रक्रिया बहुधा वेदना कमी करण्यापुरती. बोटाला जोरात चिमटा काढूनही कुत्र्याला कळेनासे झाले, की पाय परत येण्याची आशा फार थोडी उरते. एक्स-रेत हाड दिसते, रज्जू नाही. त्यासाठी एमआरआय लागतो, तोही पूर्ण भूल देऊन. कुत्रा यंत्रात स्वतःहून थोडाच स्वस्थ पडणार!

मग लस?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २००८ मध्ये ‘बॅटमॅन’ नावाच्या कुत्र्याच्या मेंदूतील गाठ काढून, तिच्याच पेशींपासून केलेली लस त्याला टोचली गेली. उरलेल्या कर्कपेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीने ओळखाव्यात, ही त्यामागची कल्पना. पुढे मेनिंजिओमावरही असे प्रयोग झाले. मणक्यातील गाठींसाठी ही वाट आशादायक आहे, पण अजून संशोधनाचीच. शिवाय अशा लसीचा कच्चा माल म्हणजे काढलेली गाठ. शस्त्रक्रिया नाही तर लस नाही, आणि वेळेवर निदान नाही तर शस्त्रक्रियाही नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवर ‘कॅन्सरची लस’ शोधत बसणाऱ्या श्वानपालकांनी आधी एमआरआय कुठे होतो, हे विचारायला हवे.

इथे अडचण अंतराची आहे. मराठवाड्यातील कर्करुग्ण माणसे उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येतात. शहरातील कुत्र्याला मात्र परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची वाट धरावी लागते, नाहीतर थेट मुंबई : १८८६ पासूनचे परळचे महाविद्यालय किंवा महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे प्राणी रुग्णालय. पाय ओढणाऱ्या ३५ किलोच्या कुत्र्याला गाडीत घालून तीनशेहून अधिक किलोमीटर नेणे प्रत्येकाला जमत नाही.

परभणीचे महाविद्यालय ज्या पशुविज्ञान विद्यापीठाचे, त्याने शहरातील एखाद्या स्कॅन केंद्राशी आठवड्यातील एका रात्रीचा करार करावा. भूलतज्ज्ञ पशुवैद्य परभणीहून येऊ शकतो. आणि काढलेली प्रत्येक गाठ, लहान असो वा मोठी, पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे.