बिबवेवाडीला जावे, पण दुखण्याआधी



आपल्या कार्यक्षेत्रात एखाद्या सभासदाच्या छातीत कळ आली म्हणजे घरची मंडळी पहिला फोन कोणाला लावतात? प्राथमिक आरोग्य केंद्राला नाही, १०८ ला तर नाहीच. फोन जातो बिबवेवाडीला. तिथे कोणाचा मुलगा आहे, कोणाची लेक दिलेली आहे, कोणाचा भाचा खोली घेऊन राहतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन जाता-येता आपल्या माणसांनी त्या बाजूला बस्तान बसवले. कोणी गूळ-भुसाराच्या गाळ्यावर दिवाणजी, कोणी तोलणार, कोणी हडपसर-भोसरीच्या कंपनीत. स्वारगेटला एस.टी.तून उतरले की रिक्षाने थोडक्यात घर. त्यामुळे "पुण्याला नेऊ, बिबवेवाडीला आपला माणूस आहे" हे वाक्य आपल्याकडे औषधासारखे वापरले जाते.

आमचे स्पष्ट मत असे आहे की ह्या वाक्यापायी वाचणारी माणसे दगावतात. पुण्याला जाण्यात चूक काही नाही. चूक आहे ती जाण्याच्या वेळेत.

झटका म्हणजे नेमके काय होते ते आधी पाहू. हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःला रक्त मिळते ते बारीक वाहिन्यांतून. ह्या वाहिन्यांच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षे चरबीचा थर बसत जातो, ठिबकच्या नळीत क्षार बसावेत तसा. फरक एवढाच, की ठिबकची नळी हळूहळू चोंदते आणि आपल्या ध्यानात येते. इथे बहुतेक वेळा थराला अचानक तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी काही मिनिटांत बंद पडते. तिच्या पुढचा स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून काल बांधावर उभा राहून बोलणारा माणूस आज बसल्या जागी जातो आणि लोक म्हणतात, "काही सुद्धा झालं नव्हतं हो त्याला." झाले होते, कोणी पाहिले नव्हते.

ही गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. मोठ्या रुग्णालयात तारेवाटे जाऊन वाहिनी उघडता येते, ती ॲन्जिओप्लास्टी. दोन्हींचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत. बारा तास उलटले की इंजेक्शनाचा फारसा लाभ राहत नाही. २००८ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या रुग्णालयांतील सुमारे २१ हजार रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत मोठा झटका आलेल्यांपैकी निम्म्यांना रुग्णालय गाठायलाच ६ तास किंवा त्याहून अधिक लागले होते. दारात पोचल्यावर इंजेक्शन मिळायला मात्र साधारण ५० मिनिटे. म्हणजे उशीर दवाखान्यात कमी, घरात आणि रस्त्यात जास्त.

घरात काय चालते ते आपण जाणतोच. "पित्त झालंय, सोडा घे." "वात आहे, शेक दे." "सकाळपर्यंत बघू." मग सकाळी जीप ठरवायची, वाटेत कोणाला तरी बरोबर घ्यायचे, दोन-अडीच तास सातारा रस्त्याने पुणे आणि तिथून मुलगा सांगेल तो दवाखाना. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, तो डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, जीव घाबरा होणे, हे दहा-पंधरा मिनिटे टिकले तर पित्त म्हणून सोडून द्यायचे नाही. बायका आणि मधुमेहाचे रोगी यांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप लागते, अंग गळून जाते. अशा वेळी १०८ ला फोन करावा. ही सेवा राज्यात जानेवारी २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. जवळच्या ज्या रुग्णालयात ई.सी.जी. निघतो आणि इंजेक्शन मिळते तिथे आधी जावे. पुढे पुण्याला न्यायचे की नाही ते तिथले डॉक्टर सांगतील. रोग्याला चालवू नये, मोटरसायकलवर मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नये. ॲस्पिरिनची साधी ३०० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांना किंवा १०८ वाल्यांना विचारून चावून खायला द्यावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर देऊ नये. १९८८ साली १७ हजारांवर रोग्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ह्या स्वस्त गोळीने मृत्यू जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी झाले होते. मात्र धडधाकट माणसाने 'रक्त पातळ राहावे' म्हणून मनानेच ती रोज खाऊ नये, पोटात रक्तस्राव होतो.

हे झाले आग लागल्यावरचे. आम्हाला अधिक बोलायचे आहे ते आधीचे.

लागणीपूर्वी आपण मातीचा नमुना देतो. ऊस तोडीला येण्याआधी शेतकी खात्याचा माणूस ब्रिक्स पाहून जातो. पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या सभासदाला "तुमचं बी.पी. किती?" म्हणून विचारा, "मला काय झालंय?" असे उत्तर येते. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, रक्तातली साखर सुरुवातीला दुखत नाही, कोलेस्ट्रॉल तर कधीच दुखत नाही.

२००४ साली ५२ देशांतल्या रोग्यांची मिळून एक पाहणी झाली, तीत भारतही होता. पहिल्या झटक्यामागचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सापडला: तंबाखू, रक्तातली बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनाचा ताण, फळे-भाज्या कमी खाणे, हालचाल कमी आणि दारूची सवय. दैव त्या यादीत नाही. त्याच माहितीवरून पुढे असेही दिसले, की आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्यांना ५९ व्या. सहा वर्षे आधी! ५३ व्या वर्षी आपल्या सभासदाचा धाकटा मुलगा अजून कॉलेजात असतो आणि विहिरीचे कर्ज फिटायचे असते.

"मी काही जाड नाही" ही आणखी एक समजूत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ह्याच विषयावर आयुष्य घातले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत शेतकरी कुटुंबांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी दोघांचा एकत्र फोटोच छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, पण अंगातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! हातपाय काटक्या आणि पोट पुढे, अशी आपली ठेवण. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्यावी. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला की तपासणी केलीच पाहिजे.

"आम्ही शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" असेही विचारले जाते. पूर्वी हे खरे होते. आता नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, बांधावर जायला मोटरसायकल आणि तोड करायला बीड-नगरकडची टोळी. खरे राबतात ते टोळीवाले. (त्यांचेही बी.पी. कोणी पाहत नाही, हा वेगळा आणि आपल्याला न शोभणारा विषय आहे.) रात्रीची वीज आली म्हणून पाणी धरायला उठायचे, झोप मोडायची, मग चहा आणि तंबाखू. ह्याला व्यायाम म्हणत नाहीत. रोज अर्धा तास झपाझप चालावे, गप्पा मारत नव्हे. तंबाखूबाबत आम्ही हातचे राखून बोलणार नाही. विडी असो, चुना-तंबाखू असो की बायकांची मिश्री, सगळे सारखेच वाईट. सोडल्यावर विडी ओढणाराचा हृदयरोगाचा वाढीव धोका वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर येतो. इतका परतावा कुठल्या ठेवीत आहे? मीठ दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, एक चहाचा चमचा. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे धरून.

आणि साखर. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहायचे का, असा प्रश्न आमच्यात निघाला होता. लिहायचे असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ च्या आत असेल तर उत्तम. कपात दोन चमचे आणि दिवसाचे सहा कप चहा म्हटले की चहातच ५० ते ६० ग्रॅम होतात. गुळालाही तोच हिशेब; गूळ खाल्ला म्हणून रक्तातली साखर वाढत नाही असे नाही. दिवाळीला मिळणारी सभासद साखर घरी न्यावी, पाहुण्यांना करंज्या कराव्यात, पण ती वर्षभर एकट्याने संपवण्याची सक्ती पोटनियमात कुठे नाही.

आता पुन्हा बिबवेवाडी. सभासदाने तिथे जावे ते यार्डात माल टाकून मोकळा झाल्यावर, धडधाकट असताना. उपाशीपोटी रक्त द्यावे, बी.पी. पाहावे, ई.सी.जी. काढावा. हजारोंच्या 'पॅकेज'ची गरज नसते. रक्तदाब, साखर, चरबी, ई.सी.जी. आणि ते वाचून समजावणारा डॉक्टर एवढे पुष्कळ झाले. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. बिबवेवाडीत कामगार विम्याचे रुग्णालय आहे. १९४८ च्या विमा कायद्याने साखर कारखाने हंगामी म्हणून वगळले, त्यामुळे आपल्या कारखान्याच्या कामगारालाही ते दार बंद राहिले. पण तुमचा मुलगा कंपनीत लागलेला असेल आणि त्याच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना तिथे उपचार मिळू शकतात. उत्पन्नाची अट आहे, ती मुलाने कंपनीत विचारून घ्यावी आणि नावे लावून घ्यावीत. दुखल्यावर कागद जमवता येत नाहीत.

खर्चाचेही बोलू. झटका चालू असताना घातलेला स्टेंट जीव वाचवतो, तिथे मागेपुढे पाहू नये. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ॲन्जिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवावे. पण झटका नाही, चालताना कधीमधी छाती भरते आणि "ब्लॉकेज आहे, आजच घाला" म्हणून कोणी घाई करतो, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात कमीपणा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ३७ देशांतल्या ५ हजारांवर रोग्यांच्या चाचणीत असे दिसले, की अशा स्थिर आजारात नीट औषधे घेणारे आणि स्टेंट किंवा बायपास करून घेणारे यांच्या मृत्यूत फरक पडला नाही. मुख्य वाहिनीत अडथळा असणारे आणि हृदय फार कमजोर झालेले त्यात नव्हते, त्यांची गोष्ट निराळी. जमीन गहाण टाकण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे. आणि गोळ्या चालू असतील त्या "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नयेत. बरे वाटते आहे ते गोळीमुळेच.

कारखान्याने काय करावे? ऊस नोंदीच्या वेळी प्रत्येक सभासद गट कार्यालयात येतोच. त्या दिवशी तिथे रक्तदाबाचे यंत्र असावे. चांगले यंत्र दोन-तीन हजारांत येते. शेतकी खात्यातल्या एकेका होतकरू स्लिपबॉयला आरोग्य केंद्राकडून शिकवून घ्यावे. पाच मिनिटे बसवून दोनदा मोजावे आणि १४०/९० किंवा त्यावर आकडा आला की चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तिथे गोळ्या फुकट मिळतात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०१७ च्या सुमारास सुरू झालेल्या सरकारी मोहिमेत अशीच नोंद ठेवून लोकांचा रक्तदाब ताब्यात आणण्याचे काम झाले आहे, तिथून शिकता येईल. काही संचालक म्हणतात, कारखान्याचे काम ऊस गाळण्याचे, दवाखाना चालवण्याचे नाही. त्यांना आदरपूर्वक सांगणे आहे, की लोणीला आणि कराडला मोठी रुग्णालये उभी राहिली ती साखर कारखान्यांच्या चळवळीतल्या माणसांनीच उभी केली. आम्ही तर फक्त यंत्र आणि वही मागतो आहोत. टोळीच्या तळावरही हेच यंत्र हंगामात दोनदा फिरवावे.

हा ठराव आम्ही येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी सभेच्या आधी आठ दिवस लेखी कळवावे. त्यांची पत्रे पुढील अंकात जशीच्या तशी छापू.