डबा उघडता आला पाहिजे

भोरच्या बाजारपेठेत माझं रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. दर जानेवारीत लास वेगासला इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं. १९६७ साली न्यूयॉर्कला सुरू झालेलं हे प्रदर्शन आम्ही चार कानवेडे दुकानात चहा पीत मोबाइलवर बघतो. तेही मोबाइलच्याच स्पीकरवर. सांगायला लाज वाटते.

यंदा नवीन काय, असं गिऱ्हाईक विचारतं. नवीन असतो तो आकडा. २०१५ साली सोनीने तिथे एलडॅक आणलं, ब्लूटूथवरून सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत. सीडीचा हिशेब १४११ चा, म्हणजे बिनतारी ऐकणं बरंच पुढे सरकलं. आकड्यांवर माझा राग नाही. पण ते ऐकायला वस्तू आधी जिवंत राहायला हवी ना!

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडचा एक पोरगा आला. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात वेल्हंच येतं.) दोन वर्षं वापरलेले इयरबड, डावा वीस मिनिटांत मान टाकायचा. सेवा केंद्राने 'नवीन घ्या' म्हणून वाटेला लावलेलं. मी हेअर ड्रायरने ऊब दिली, नखाने फट शोधली, ब्लेड सरकवलं. आत हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा सेल, पट्ट्या वेल्ड केलेल्या, वरून गोंद थापलेला. सेल बदलला, पण झाकण काही पहिल्यासारखं बसेना. "दादा, वाजतंय मस्त, पण कानातून पडतंय," पोरगा म्हणाला. पैसे कुठल्या तोंडाने घेणार?

त्याच टेबलावर ऐंशीच्या दशकातला एक कॅसेट डेक पडला होता. चार स्क्रू काढले. बेल्ट वितळून डांबर झालेला. पुलीवरचं काळं स्पिरिटने पुसलं, नवा बेल्ट चढवला, हेड साफ केलं, एक जोड सुटत होता तिथे डाग दिला. पाऊण तासात काम संपलं. मालक कॅसेट ऐकत इतका रमला की पैसे न देताच निघाला. कोपऱ्यावरून परत आला म्हणा.

आमच्याकडे जूनपासून भिंती पाझरतात. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर. वाळवंटातल्या शहरात मांडलेल्या वस्तूंना ही ओल कशी कळावी? तिथे एकदा तरी कोणी 'हे भोरच्या श्रावणात टिकेल' असं सांगावं.

आमच्या आळीच्या भजनी मंडळाने हौसेने ब्लूटूथ स्पीकर घेतला आणि माइकही त्यालाच बिनतारी जोडला. दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर गाणं नुसतं ऐकताना कळतही नाही, पण द्रुत लयीत टाळ चुकवायला तेवढा पुरतो. पखवाजवाले काका दुसऱ्या अभंगालाच थांबले. "बुवा माझ्या मागून गातायत की मी पुढे पळतोय?" शेवटी माळ्यावरचा जुना ॲम्प आणि वायरचा माइक खाली आला.

या दुखण्यावर औषध निघालंय, नाही असं नाही. २०२० च्या प्रदर्शनात ब्लूटूथचा नवा प्रकार, एलई ऑडिओ, जाहीर झाला. त्यात उशीर कमी होतो. शिवाय त्यातल्या ऑराकास्टमुळे एकाच ठिकाणाहून सोडलेला आवाज कितीही जणांच्या यंत्रांत थेट पोचतो, तशी सोय असलेल्या श्रवणयंत्रांतसुद्धा. देवळात कीर्तन चाललंय आणि मागे खांबाला टेकलेल्या आजीला बुवांचा शब्द न् शब्द कळतोय, हे मला कुठल्याही लखलखत्या स्पीकरपेक्षा आधी बघायचंय. फक्त आजीच्या खिशाला झेपेल असं यंत्र काढा.

आणि ते उघडता येऊ द्या. फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात, काही अपवाद सोडले तर, अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे, असा कायदा लागू होतोय. तिथल्यासाठी रचना बदलणारच आहात, तर तोच माल इकडेही पाठवा. आपल्या सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण सेलसाठी मी अजून स्वारगेटला उतरून तपकीर गल्लीच गाठतो. मागच्या खेपेला सहा आणले, त्यातले चार डबीत आहेत.

परवा त्या पोराचा फोन आला. आता उजवाही तसंच करतोय.