मृत ठेवीदार आणि त्याचे वारस

जानेवारी २०२१ मध्ये पाटण्याजवळच्या एका खेड्यातील ग्रामस्थांनी आपल्या एका मृत गावकऱ्याचा देह थेट बँकेच्या शाखेत नेला. त्याच्या खात्यात पैसे होते. अंत्यविधीसाठी मात्र कोणाजवळ पैसे नव्हते, आणि आवश्यक कागदपत्रांअभावी बँक ती रक्कम देण्यास तयार नव्हती. अखेर व्यवस्थापकाने काही रक्कम दिली, तेव्हा कुठे प्रेत उठले. ही बातमी विचित्र म्हणून वाचली गेली आणि विसरली गेली. वस्तुतः तीत विचित्र असे काही नव्हते. देशातील लाखो कुटुंबे जे मुकाट्याने सोसतात, ते त्या गावाने एकदा बँकेच्या दारात नेऊन ठेवले, इतकेच.

१९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा बँक खेड्यापर्यंत पोचावी ही मागणी समाजवाद्यांचीही होती. २०१४ पासून जनधन योजनेखाली कोट्यवधी खाती उघडली गेली. खाते उघडणे हे अशा रीतीने राष्ट्रीय कार्य ठरले. परंतु खातेदार मरण पावल्यावर त्या खात्याचे काय व्हावे, हा प्रश्न त्या कुटुंबाचा खाजगी मामला मानला गेला. खाते उघडण्यासाठी बँकेचा माणूस दारी येतो. ते मिटवण्यासाठी विधवेने एस.टी.ने तालुक्याला जावे, अशी ही व्यवस्था आहे.

तिचा परिणाम आकड्यांत दिसतो. दहा वर्षे ज्या खात्यावर व्यवहार झाला नाही, त्यातील रक्कम २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. यातील प्रत्येक रुपया मृताचा आहे असे नव्हे. स्थलांतरितांची विसरलेली खाती आणि मोठ्या लोकांच्या पडून राहिलेल्या ठेवीही त्यात आहेत. तथापि एक हिशेब उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०२३ पर्यंत सरकारी बँकांनी १०.२४ कोटी खात्यांतील सुमारे ३५,०१२ कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केले, असे सरकारने लोकसभेत सांगितले. म्हणजे खात्यामागे सरासरी सुमारे ३,४०० रुपये! सरासरी फसवी असते हे मान्य करूनही, ही बहुसंख्येने लहान माणसांची खाती आहेत हे उघड आहे. तीन-चार हजारांसाठी शेतमजूर स्त्रीने किती मजुऱ्या बुडवाव्यात? मृत्यूच्या दाखल्याला एक खेप, प्रतिज्ञापत्राला दुसरी, आणि साहेब रजेवर असल्यामुळे तिसरी. चौथ्या खेपेचा विचार करताना ती तो नाद सोडून देते. हे तिचे अज्ञान नव्हे, तिने केलेला अचूक हिशेब आहे. तिने सोडलेला पैसा पुढे सरकारी रोख्यांत गुंतवला जातो. आणि उद्या तिच्या मुलाने मागणी केलीच, तर त्यावर मिळणाऱ्या व्याजाचा दर मे २०२१ मध्ये ३ टक्के सरळव्याज असा ठरवण्यात आला.

ज्या घरी कागद नीट असतो तेथे हे सारे सुरळीत होते. पतिपत्नीचे संयुक्त खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या अटीवर असेल, तर उरलेल्याच्या हाती पैसा राहतो. नामनिर्देशन असेल तर बँकेने न्यायालयाचा दाखला मागण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेने तसे २००५ मध्येच बजावले आहे. परंतु नामनिर्देशन म्हणजे वारसा, हा जो समज कार्यकर्त्यांतही सर्रास आढळतो, तो खरा नाही. त्याची उकल सविस्तर करणे आवश्यक आहे.

बँकविषयक कायद्यात नामनिर्देशनाची तरतूद १९८३ च्या दुरुस्तीने आली. तिचा हेतू बँकेची सुटका हा होता. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम दिली की बँक जबाबदारीतून मोकळी होते. पैसा मालकीचा कोणाचा, हे मात्र वारसा कायदाच ठरवतो. १९८४ मध्ये विम्याच्या बाबतीत आणि २०१० मध्ये बँकेतील ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नामनिर्देशित हा पैसा स्वीकारणारा हात आहे, धनी नव्हे.

आता व्यवहारात काय घडते? गिरणीत, कारखान्यात अथवा साखर पट्ट्यात काम करणारा तरुण अविवाहित असताना खाते उघडतो आणि वडिलांचे नाव लावतो. पुढे लग्न होते, मुले होतात. अर्जावरील नाव बदलायचे कोणाच्या ध्यानी येत नाही. तो अपघातात जातो. बँक नियमाप्रमाणे वडिलांना रक्कम देते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गातील वारस होत. वडील त्या वर्गात नाहीतच. म्हणजे ज्याचा त्या पैशात एक पैचाही वाटा नाही त्याच्या हाती सर्व रक्कम, आणि जिचा वाटा आहे ती दिवाणी न्यायालयाच्या पायरीवर! सासरा भला असेल तर प्रश्न मिटतो. तसा नसेल तर सासऱ्याच्याच छपराखाली राहून त्याच्याविरुद्ध दावा लावण्याचे धैर्य किती सुनांना होईल? कायद्याने तिचा हक्क शाबूत ठेवला आहे, आणि तो बजावण्याचा सारा खर्च तिच्यावर टाकला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार नावे लावता येतात, व प्रत्येकाचा हिस्साही नमूद करता येतो. सुधारणा चांगली आहे. पण जे एक नाव बदलत नाहीत, ते चार नावे लावतील या आशेवर विधवांनी किती काळ राहायचे?

नामनिर्देशन नसेल तर निराळीच यातायात. तलाठ्याचा वारस दाखला एका शाखेत चालतो, दुसऱ्या शाखेत चालत नाही. कोणी १९२५ च्या कायद्याखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा म्हणतो, कोणी दोन सधन जामीनदार मागतो. या लहरीपणाला आळा घालणारे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढले व ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अंमलात आणण्यास सांगितले. त्यांनुसार वाद नसलेल्या प्रकरणात बँकेकडील १५ लाखांपर्यंतचा आणि सहकारी बँकेकडील ५ लाखांपर्यंतचा दावा न्यायालयात न जाता निकालात काढायचा आहे. हानिरक्षणाचे बंधपत्र, दावा न करणाऱ्या वारसांची ना-हरकत आणि वारसाबद्दलचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम भागावे. त्रयस्थ जामीनदार मागू नये. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास बँक दरापेक्षा ४ टक्के अधिक व्याज द्यायचे. ३० दिवसांत तक्रारीची दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी वकील लागत नाही.

बँक कर्मचाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांतील बरेच जण चळवळीतलेच आहेत. खोटे वारस उभे राहतात, दुसऱ्या लग्नाच्या बायकोचा अर्ज महिन्याभराने येतो, आणि चुकीच्या माणसास रक्कम गेली तर चौकशी त्या कारकुनाची होते. ही भीती खरी आहे. पण तिची किंमत कोण मोजतो? संशयाचा फायदा बँकेला आणि पुराव्याचा बोजा विधवेला, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. आधार क्रमांक खात्याला जोडण्यासाठी खातेदारांना दिवसचे दिवस रांगेत उभे करण्यात आले. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन राष्ट्रीय नोंदसंग्रहाची तरतूद झाली. मग मृत्यूची नोंद होताच बँकेनेच कुटुंबाला पत्राने कळवावे की तुमच्या माणसाचे आमच्याकडे अमुक खाते आहे, ही मागणी अवाजवी कशी? आज शोध वारसाने घ्यायचा, त्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून उद्‌गम नावाची संगणकीय सोय आहे. आणि पडून राहिलेला पैसा ज्याचा त्याला परत करावा म्हणून बँकांना प्रोत्साहनपर रक्कम देण्याची योजनाही २०२५ मध्ये निघाली. परक्याची ठेव परत केल्याबद्दल बक्षीस मिळण्याचे भाग्य सावकाराच्याही वाट्याला कधी आले नसेल.

महाराष्ट्रात आणखी एक कोपरा अंधारात आहे. हातगाडीवाला, मोलकरीण, विडी कामगार यांची दैनिक ठेव बहुधा पतसंस्थेत असते. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येते. रिझर्व्ह बँकेचे वरील निर्देश, लोकपाल, ठेव विमा, यांतील काहीही तिला लागू नाही. पिग्मीचे पुस्तक हरवले आणि वसुली करणारा एजंट बदलला की मृताची ठेव होती हे सिद्ध करणेच अवघड होऊन बसते. सहकार खात्याने पतसंस्थांना असेच मुदतीचे बंधन घालावे, हा विषय पक्षाच्या आमदारांनी आणि जिल्हा समित्यांनी लावून धरण्याजोगा आहे.

तोवर शाखांनी करावयाचे काम साधे आहे. वस्तीत मृत्यू झाला की दिवस झाल्यावर घरी जाऊन पासबुक पाहावे. मयताच्या कार्डावर यंत्रातून पैसे काढण्याचा मोह अनेक घरांत होतो. तो आवरायला सांगावे, कारण पुढे इतर वारसांच्या हाती तेच हत्यार होते. पासबुकात मेअखेरीस ४३६ रुपयांची वजावट दिसली तर ती जीवनज्योती विम्याची असते आणि तो चालू असेल तर कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. २० रुपयांची दिसली तर तो अपघात विमा. खात्यात तीनशे रुपये उरले म्हणून घरच्यांनी जे पुस्तक ट्रंकेत टाकले, त्याच पुस्तकातील एका ओळीत दोन लाखांचा दावा असू शकतो. हा दावा महिन्याच्या आत केलेला बरा. अर्ज देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पंधरा दिवसांची मोजणी त्या शिक्क्यापासून करता येते.