उमेदवार दारात येतील तेव्हा

विधानसभेची निवडणूक जवळ आली की गोव्यातील प्रत्येक उमेदवाराला मराठी आठवते. भजनी मंडळाला पेटी-तबला मिळतो, नाट्यप्रयोगाला देणगी मिळते आणि प्रचारपत्रकात ‘मराठी संस्कृतीचे जतन’ ही ओळ न चुकता येते. पेटी मिळाल्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. परंतु आमदाराचे खरे काम कायद्यावर आणि अंदाजपत्रकावर बोलण्याचे, मत देण्याचे. तिथे तो काय करणार, हे पत्रकात शोधून सापडत नाही.

आमच्या मते पहिला प्रश्न सरकारी मराठी प्राथमिक शाळांचा आहे. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी शाळा काढल्या. आपल्यापैकी अनेक घरांतील आजी-आजोबा तिथेच पहिले अक्षर शिकले. त्यांतील कितीतरी शाळा पट घटला म्हणून बंद झाल्या किंवा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, हे पाहून पालक मूल दुसरीकडे घालतात. त्यामुळे पट आणखी घटतो आणि अखेर पट नाही या कारणाने कुलूप लागते. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले. २०१२ मध्ये सरकार बदलले, अनुदान मात्र राहिले. बालरथाची योजना आली ती अनुदानित शाळांसाठी. मग लांबच्या वाड्यावरच्या मुलाने सरकारी शाळेत पोहोचावे कसे? शिक्षक किती देणार, वाहन देणार का, शाळा बंद करण्याआधी गावाला विचारणार का, हे उमेदवाराने लेखी सांगावे.

इथे एक गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. मराठी शाळांसाठी सभेत हात वर करणाऱ्यांना त्यांची नातवंडे कुठे शिकतात असे विचारले, तर बरेच हात खाली येतील. त्यात आमचेही असतील. उमेदवाराला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो निर्धास्त असतो.

पक्षाच्या नावावर विसंबून चालत नाही, हा अनुभवही जुना नाही. २०१७ मध्ये माध्यमाचा प्रश्न घेऊन गोवा सुरक्षा मंच, मगो आणि शिवसेना भाजपविरुद्ध एकत्र लढले. मंचाला एकही जागा मिळाली नाही. मगोचे तीन आमदार निवडून आले आणि निकालानंतर भाजपच्याच सरकारात गेले. सरकारात जाण्याचा त्यांना अधिकार होता; पण माध्यमाच्या प्रश्नाचे काय ठरले, हे मतदाराला सांगणे त्यांचे कर्तव्य होते.

दुसरा प्रश्न राजभाषा कायद्याचा. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात वापराची मुभा मिळाली. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर द्यावे, असे सरकारचे धोरण आहे. एक अर्ज मराठीत करून पाहा, मग धोरण आणि व्यवहार यांतले अंतर कळेल. घरात कोकणी बोलणारी आणि कागदावर मराठी लिहिणारी आपली कुटुंबे आहेत. ही मागणी कोकणीच्या विरोधात नाही.

जमिनीविषयी थोडक्यात. मुंडकार कायदा १९७५ चा, कुळांना मालकी देणारी दुरुस्ती १९७६ ची. तरीही मामलेदाराकडे खेपा घालणारी कुटुंबे अजून आहेत. उलट शेतजमिनीचा झोन बदलण्यासाठी २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात ३९-अ कलम आले. त्या दिवशी तुम्ही सभागृहात असता तर कोणत्या बाजूने मत दिले असते, हेही विचारावे.

आपल्या मूठभर मतांनी काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी २०२२ चा फोंड्याचा निकाल आठवावा. तो ७७ मतांनी लागला.

हे प्रश्न आम्ही सर्व उमेदवारांना पाठवत आहोत. उत्तरे आली तशी छापू. ज्यांचे उत्तर येणार नाही, त्यांच्या नावापुढील जागा कोरी राहील.