भिंतीची ओल आणि मुलाचा खोकला: भाड्याच्या घरात काय कराल?

बुलढाणा, चिखली किंवा खामगावात तुम्ही भाड्याने राहता आणि मुलाचा खोकला औषधाने थांबून दर पावसाळ्यात परत येतो? मग एकदा कपाट सरकवून मागची भिंत पाहा. काळे-हिरवे डाग, फुगलेला रंग किंवा कुबट वास आढळला, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तपासताना घराबद्दल विचारायचे आमच्याकडूनही राहून जाते.

तक्रार केल्यावर घरमालकाचे ठरलेले उत्तर असते, "रंग मारून घ्या." इंग्लंडमधील रॉचडेल येथे एका वडिलांना हेच उत्तर मिळाले होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आवाब इशाक डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेला श्वसनाचा गंभीर आजार हे मृत्यूचे कारण असल्याचे २०२२ च्या चौकशीत ठरले. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक भाडेघरांना लागू झाला. ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची १० कामकाजाच्या दिवसांत पाहणी आणि तातडीच्या धोक्यावर २४ तासांत उपाय आता बंधनकारक आहे.

रंगाने बुरशी का जात नाही? कारण बुरशी हे लक्षण आहे, मूळ दुखणे पाणी आहे. ते कुठून येते, हे डागाच्या जागेवरून बरेचसे कळते. जमिनीलगत पोपडे आणि पांढरे क्षार दिसले, तर ओल पायातून चढते; आपल्या काळ्या जमिनीत पाणी फार काळ टिकते. छतावर डाग असेल तर स्लॅब गळतो. बाथरूमच्या भिंतीला ओल असेल तर नळजोड तपासायला हवा. ही तिन्ही कामे घरमालकाची. घरात वाळणारे कपडे, स्वयंपाकाची वाफ आणि भिंतीला चिकटवलेले कपाट एवढेच तुमच्या हातात असते.

बुरशीच्या कणांमुळे शिंका, नाक चोंदणे, घरघर हे त्रास होतात आणि दमा बळावतो. २०२१ मध्ये गाजलेला 'काळी बुरशी'चा आजार मात्र वेगळा. तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत दिसला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. अडचण अशी, की हा कायदा प्रत्येक गावाला लागू नाही आणि ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारात हा हक्क सहसा मिळत नाही. म्हणून आधी विचारल्याशिवाय भाडे कापू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटाला मोफत सल्ला मिळतो.

आता काय कराल?

- डागांचे तारखेसह फोटो काढा आणि तक्रार लेखी द्या. व्हॉट्सॲपवर तरी द्याच.
- करार नव्याने करताना गळती-ओल दुरुस्तीची मुदत त्यात लिहून घ्या. घर शक्यतो पावसाळ्यात पाहा.
- लहान डाग मास्क आणि हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून साबणाच्या पाण्याने पुसा. कोरडे खरवडू नका. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये.
- मुलाचे अंथरूण ओल्या भिंतीपासून दूर, शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत हलवा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर दोष केवळ ओलीला देऊ नका. सरकारी रुग्णालयात क्षयरोगाची मोफत तपासणी करून घ्या. धाप लागत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच १०८ ला फोन करा.

घरमालकाशी वाद नको म्हणून अनेक जण गप्प राहतात. पण भिंत ओली राहिली, तर औषध बदलूनही खोकला परत येऊ शकतो. तक्रार आजच लिहा.