झील धरणारे कुठे गेले?

गायन पार्टीत जो सर्वांच्या पुढे उभा असतो, त्याच्याकडेच सगळ्यांचे डोळे असतात. त्याचा वर गेलेला हात, ताणलेली मान आणि शब्दावर दिलेला घाव आपण पाहतो. मागे उभे राहून झील धरणाऱ्या दोघा-तिघांकडे सहसा कोणी पाहत नाही. मीही कधी पाहिले नव्हते.

गेल्या जयंतीला आमच्या गल्लीच्या वर्गणीची वही माझ्याकडे होती. मिरवणुकीच्या डी.जे.ला आगाऊ रक्कम रोख मोजून दिली. दुसऱ्या रात्री भीमगीतांची गायन पार्टी बोलावली होती. पाच जण ठरले होते, आले तिघेच. मुख्य गायक, पेटीवाला आणि ढोलकीवाला. झील धरणारी दोन्ही पोरे पुण्याला कंपनीत कामाला लागलेली. त्यामुळे गायक स्वतःच ओळ म्हणे आणि स्वतःच ती परत उचले. श्वास घ्यायलाही उसंत नव्हती. बारा वाजता त्याचा आवाज पार बसला, तरी तो गात राहिला. सकाळी आम्ही त्याच्या हातावर ठरलेल्या मानधनापैकी निम्मे ठेवले. बाकीचे “पुढे पाहू” म्हणालो. त्याने नोटा घडी करून खिशात घातल्या आणि लोह्याकडे जाणारी गाडी धरली. वहीत मी त्याच्या नावापुढे ‘देणे’ असे लिहिले आणि वही मिटली.

ती मिटलेली वही पुन्हा उघडायला लावली एका परदेशी गायकाने, आणि त्याच्या पाठोपाठ आपल्या एका शाहिराने. या दोघांविषयी मला आज लिहायचे आहे.

परदेशी गायकाचे नाव जो स्ट्रमर. लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक रॉक बँडचा तो मुख्य गायक. ‘पंक’ म्हटले की आपल्याकडे रंगवलेले, ताठ उभे केस, फाटके कपडे आणि कान किटवणारा गोंगाट एवढेच डोळ्यांसमोर येते. त्यामागची परिस्थिती मात्र आपल्याला अनोळखी नाही. १९७० नंतरच्या इंग्लंडमध्ये महागाई आणि बेकारी वाढली होती, शाळा सोडलेल्या पोरांना काम नव्हते, आणि वर्णद्वेषी पक्ष रस्त्यावर उतरले होते. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव थाटात साजरा होत असताना ‘सेक्स पिस्टल्स’ नावाच्या बँडने राणीवरच गाणे काढले. बी.बी.सी.ने ते वाजवायला नकार दिला, तरीही ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. या संगीताचा नियम साधा होता. तालीम नको, घराणे नको, उंची वाद्ये नकोत. गिटारचे तीन कॉर्ड आले आणि सांगण्यासारखे काही असले की उभे राहावे.

स्ट्रमरचे खरे नाव जॉन मेलर. जन्म २१ ऑगस्ट १९५२ चा, तुर्कस्तानातील अंकारा येथला. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला. त्या वडिलांचा जन्म आपल्या लखनौचा, ही गोष्ट मला वाचताना मोठी गमतीची वाटली. मुलगा वसतिगृहाच्या शाळेत वाढला. १९७० मध्ये त्याच्या थोरल्या भावाने आत्महत्या केली. पुढे या पोराने वेल्समध्ये कबरी खणण्याचे काम केले, लंडनच्या भुयारी रेल्वेत वाद्य वाजवून पैसे मागितले, रिकाम्या पडक्या घरांत दिवस काढले. ‘स्ट्रमर’ म्हणजे गिटारच्या तारा नुसत्या खाजवणारा. सहाही तारा एकदमच वाजवता येतात, एकेक सूर काढता येत नाही, म्हणून त्याने स्वतःलाच दिलेले हे नाव. असा माणूस १९७६ साली ‘द क्लॅश’च्या पुढे उभा राहिला. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध हजारो लोक जमले, तेव्हा हा बँड त्यांच्यासमोर गायला. १९८० मध्ये त्यांनी एकदम तीन तबकड्यांचा संच काढला आणि गरीब पोरांना परवडावा म्हणून स्वतःच्या मानधनावर पाणी सोडून त्याची किंमत कमी ठेवली.

इथपर्यंत ही कथा विजयाची आहे. पण १९८२ मध्ये ढोल वाजवणाऱ्याला बँडमधून काढण्यात आले आणि १९८३ मध्ये मिक जोन्सला. हा जोन्स स्ट्रमरच्या जोडीने गाणी रचणारा, चाली बांधणारा, त्याच्या ओळीला मागून आवाज देणारा साथीदार. पुढचा माणूस तोच होता, शब्दही तेच होते, राग तोच होता. तरीही बँड उभा राहिला नाही. १९८६ मध्ये तो संपला. जोन्सला काढणे ही चूक होती, हे स्ट्रमरने पुढे स्वतःच कबूल केले. त्यानंतरची कितीतरी वर्षे त्याने जवळजवळ अज्ञातवासात काढली.

याच सुमारास मुंबईच्या झोपडपट्टीत एक शाहीर गात होता. त्याचे नाव विलास घोगरे. १९८५ मध्ये आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा माहितीपट आला. मुंबईतल्या झोपड्या पाडल्या जात असताना पाडल्या जाणाऱ्यांची बाजू मांडणारा हा माहितीपट. त्यात घोगऱ्यांचे गाणे आहे. ज्याची झोपडी त्याचाच आवाज, मध्ये दुसरा कोणी दलाल नाही. शिकलेला गळा नव्हे, पण एकदा ऐकला की विसरता येत नाही. पंक पंक म्हणून जे काही आहे ते हेच, असे मला तरी वाटते. किंबहुना आपल्याकडे ते आधीपासूनच होते. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे काय, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी १९४४ मध्ये उभारलेले लाल बावटा कलापथक काय, या सर्वांनी डफ, ढोलकी आणि पेटी एवढ्या भांडवलावर गावेच्या गावे जागी केली. त्यासाठी लंडनला जाण्याची गरज नव्हती.

घोगरे डाव्या विचारांच्या आव्हान नाट्य मंचात होते. पुढे त्या मंचातून त्यांना काढण्यात आले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली सकाळी लोकांना दिसली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला न्यायालयाने जन्मठेप सुनावली, ती २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. घोगरे तेवढे थांबले नाहीत. १५ जुलै १९९७ रोजी त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या माणसाने जाताना डोक्याला निळे फडके बांधले होते. पटवर्धनांनी तिथून पुढे चौदा वर्षे चित्रीकरण करून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण केला. माझ्या पिढीला घोगरे ठाऊक आहेत ते त्यामुळे.

एखाद्याने जीव का दिला, याचा हिशेब बाहेरच्या माणसाने मांडू नये. त्याला एकच कारण नसते. पण मरणाचा गौरव करण्याची जी खोड आपल्याला लागली आहे, तिच्याविषयी मात्र बोलले पाहिजे. इंग्लंडमध्येही ती आहे. ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा तरुण गायक इयान कर्टिस १९८० मध्ये तेविसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला. त्याचे चित्र छापलेले सदरे आजही विकले जातात. आपणही हौतात्म्य, बलिदान असे मोठे शब्द वापरून मोकळे होतो. शब्द जितका मोठा, तितकी आपली जबाबदारी लहान. आमच्या मराठवाड्यात तर घराघरांत या दुःखाची ओळख आहे. इथे कोणाच्या मरणाची आरती ओवाळणे हे पापच होय. विद्रोही गायकाने मरून दाखवावे, ही अपेक्षाच मुळात दुष्ट आहे. तो म्हातारा व्हावा, त्याने नातवंडांना ओरडावे, त्याला दम लागावा आणि तरी त्याने गावे.

असे घडू शकते का? घडलेले आहे. लोककवी वामनदादा कर्डक १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मले. लिहावाचायला ते मोठेपणी शिकले. मुंबईच्या चाळीतून निघालेला हा माणूस अखेरपर्यंत गावोगाव फिरत आणि गात राहिला. १५ मे २००४ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय ८१ होते. त्यांना कोणते पद नव्हते, की महिन्याचा पगार नव्हता. परंतु ज्या गावी मुक्काम, त्या गावी एखादे घर त्यांचे असे. भाकरी असे, अंथरूण असे, आणि रात्री मागे बसून ओळ उचलणारी माणसे असत. पुढे गाणारा टिकला, कारण मागचे टिकले.

अलीकडचे उदाहरण घ्या. गुजरातच्या दंगलीनंतर २००२ मध्ये पुण्यात कबीर कला मंच स्थापन झाला. त्यातील शीतल साठे आणि सचिन माळी यांच्यावर नक्षलवादाशी संबंधाचा आरोप ठेवण्यात आला. २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर येऊन ते गात गात पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल साठे तेव्हा गरोदर होत्या. त्यांना त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिन माळी यांना २०१७ मध्ये. त्यांचे राजकीय विचार सर्वांना मान्य होतील असे नाही. मलाही सगळे पटते असे नाही. पण त्यांच्यासाठी बचाव समिती उभी राहिली, वकील उभे राहिले, गाणारे तुरुंगात असताना त्यांची गाणी बाहेर दुसऱ्यांनी गायली. याला मी झील धरणे म्हणतो.

कोणी म्हणेल, शाहिरीची तुलना या परदेशी धांगडधिंग्याशी कशाला? माझे म्हणणे एवढेच, की दोन्हीकडे पुढे उभ्या असलेल्या माणसाचा घात एकाच ठिकाणी होतो. शत्रू समोर असतो तेव्हा तो घाबरत नाही. पाठीमागची ओळ परत आली नाही की तो खचतो. दुसरा कोणी म्हणेल, मंच म्हटला की शिस्त आलीच. मान्य. परंतु ज्याला मंचातून काढले त्याला माणसांतूनही काढायचे का? मतभेदाच्या दिवशीही त्याच्या दारावर थाप मारायला काय हरकत आहे?

आपल्या पालमपासून गंगाखेड ते किती दूर! तिथल्या जनाबाईसोबत साक्षात विठ्ठल दळायला बसे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजवर मला ती चमत्काराची गोष्ट वाटे. आता ती साध्या गरजेची गोष्ट वाटते. जड जाते एकटीने ओढता येत नाही, खुंट्याला दुसरा हात लागतोच. जनीने देवाकडे राज्य मागितले नाही, तो हात मागितला.

स्ट्रमरची कथा अर्धवट सोडून चालणार नाही. १५ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनमध्ये संपावर असलेल्या अग्निशामक दलाच्या कामगारांच्या मदतीसाठी तो गात होता. कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांतून एक माणूस उठला, रंगमंचावर चढला आणि त्याने गिटार हाती घेतली. तो मिक जोन्स होता. एकोणीस वर्षांपूर्वी ज्याला काढले, तो न बोलावता आला आणि जुन्या ओळीला त्याने मागून आवाज दिला. पुढच्याच महिन्यात, २२ डिसेंबरला, जन्मापासून हृदयात असलेल्या दोषामुळे स्ट्रमर गेला. वय अवघे पन्नास. पण झील परत आलेली त्याने ऐकली होती. घोगऱ्यांच्या वाट्याला ते आले नाही.

हे सारे वाचून झाल्यावर मी वही उघडली. ‘देणे’ तसेच होते. डी.जे.च्या नावापुढे मात्र दोन दिवस आधीची तारीख आणि ‘पावती मिळाली’ असा शेरा. आम्हा मित्रांची त्यावर खडाजंगी झाली. मग मागच्या महिन्यात मी रक्कम घेऊन त्या गायकाच्या गावी गेलो. तो रानातून नुकताच आला होता. त्याने चहा पाजला, पैसे मोजून घेतले, आणि म्हणाला, “उशीर झाला तरी चालंल, बाबा. पण पुढल्या साली दोन पोरं द्या. एकट्यानं आता होत न्हाई.”

मित्रहो, मी माझे नाव दिले आहे. आवाज बरा नाही, पण झीलेला तो चालतो म्हणे. दुसरी जागा अजून रिकामी आहे.