दोष कोठे आहे, हे आधी ठरवू या

महिनाअखेरचा दिवस होता. शाखेत गर्दी होती आणि टेबलावरचा दूरध्वनी थांबत नव्हता. त्यातच आमच्या एका जुन्या खातेदारांचा फोन आला. बडोद्यातील मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या या शिक्षिकांना शाखेतील सर्वजण 'बाई' असेच संबोधतात. मुलाने त्यांना नवा लॅपटॉप पाठविला होता. वायफाय जोडून झाले होते, पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हही तसेच सांगत होते. परंतु बँकेचे पान काही केल्या उघडत नव्हते. नातीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. मी माझ्या संगणकावर आपले संकेतस्थळ उघडून पाहिले. ते व्यवस्थित चालू होते. "बाई, आपली सेवा सुरळीत आहे, दोष आपल्या संगणकाचा असावा," असे सांगून मी फोन ठेवला.

तासाभराने बाई स्वतः शाखेत आल्या. मधल्या वेळात त्यांनी मोबाईलवर शोध घेऊन 'तांत्रिक साहाय्या'चा एक क्रमांक मिळविला होता. पलीकडच्या गृहस्थाने मोठ्या अदबीने बोलत त्यांच्याकडून मोबाईलवर एक ॲप उतरवून घेतले. त्या ॲपमुळे बाईंच्या मोबाईलचा पडदा त्या गृहस्थाला दिसू लागणार होता. मग त्याने डेबिट कार्ड हातात घेण्यास सांगितले, तेव्हा मात्र बाईंना शंका आली आणि त्यांनी फोन बंद केला. आम्ही तातडीने मोबाईलचे इंटरनेट बंद करविले, ते ॲप काढून टाकावयास लावले, कार्ड बंद केले आणि खाते तपासले. सुदैवाने एक पैसाही गेलेला नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सांगितलेत ते खरेच होते. पण पुढे काय करायचे, ते कुणी सांगितलेच नाही."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. 'दोष आपल्याकडचा आहे' हे आपले उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते आणि तरीही ते अपुरे असते. कारण त्या उत्तराने ग्राहक एकटा पडतो, आणि एकट्या पडलेल्या ग्राहकाची वाट पाहणारे लोक आज पुष्कळ आहेत. म्हणून माझे मत असे आहे, की नव्या संगणकावर पान उघडत नसेल तर दोष कोठे आहे हे शोधण्याचा साधा क्रम प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असावा, आणि तो सांगणे हे आपण बँक कर्मचाऱ्यांनी ग्राहकसेवेचाच भाग मानावे.

दोष शोधण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर मुरलेला रोखपाल घाबरून सगळ्या चिठ्ठ्या उलथ्यापालथ्या करीत नाही. तो आधी फरकाची रक्कम पाहतो. त्या रकमेला नवाने नि:शेष भाग जात असेल, तर लिहिताना अंकांची अदलाबदल झाली असावी असा तर्क करतो. चूक कोणत्या भागात असू शकेल हे आधी ठरवायचे आणि मग तेवढाच भाग तपासायचा, ही ती शिस्त होय. संगणकालाही नेमकी हीच शिस्त लागू पडते.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. 'वायफाय जोडलेले आहे' याचा अर्थ एवढाच, की आपला संगणक घरातील राउटरशी बोलू लागला आहे. राउटरपासून सेवा पुरविणाऱ्या कंपनीपर्यंतची वाट आणि तेथून इच्छित संकेतस्थळापर्यंतची वाट या गोष्टी वेगळ्या आहेत. शाखेचे दार उघडे आहे म्हणून खिडकीवर रोखपाल बसलेला असेलच असे नाही. तसेच हे आहे.

म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो असा, की एकच पान उघडत नाही की कोणतेच उघडत नाही? ओळखीची दोन-तीन संकेतस्थळे उघडून पाहावीत. ती उघडत असतील आणि एकच अडत असेल, तर आपण टंकलेला पत्ता एकेक अक्षर करून पुन्हा वाचावा. पत्ता बरोबर असेल, तर त्या संकेतस्थळाचीच सेवा खंडित असणे शक्य आहे. अशा वेळी घरच्या यंत्रणेशी खटपट करण्यात अर्थ नसतो.

दुसरा प्रश्न असा, की अडचण एकाच उपकरणावर आहे की सर्वांवर? त्याच वायफायवर मोबाईल जोडून पाहावा. येथे बहुतेकांची फसगत होते. मोबाईलचा स्वतःचा डेटा चालू असेल, तर वायफाय नादुरुस्त असूनही पान उघडते आणि दोष उगाच नव्या संगणकावर जातो. म्हणून तपासणीपुरता मोबाईलचा डेटा बंद ठेवावा. मोबाईलवरही पान उघडले नाही, तर संगणक बहुधा निर्दोष आहे असे समजावे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा, आणि तरीही उपयोग न झाल्यास सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या देयकावर छापलेल्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रुग्णालयात, वसतिगृहात वा अतिथिगृहात असाल, तर तेथील वायफाय आधी नाव व क्रमांक भरण्याचे एक पान दाखविते. ते भरल्याखेरीज पुढचे काहीच उघडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मोबाईल चालतो आणि नवा संगणक चालत नाही, असे ठरले की मगच संगणकाकडे वळावे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडून पाहावे. तेथे उघडले तर जोडणी ठीक आहे, बिघाड पहिल्या ब्राउझरच्या साठवणीत किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या जादा सुविधेत आहे. नव्या संगणकात अनेकदा काही महिन्यांच्या चाचणी मुदतीची संरक्षक प्रणाली आधीच बसविलेली असते. ती कधीकधी विश्वासू पानांनाही अडविते. पूर्वीच्या कार्यालयीन वापरासाठी घातलेली प्रॉक्सीची वा व्हीपीएनची मांडणी जुन्या संगणकावरून नव्यावर आली असेल, तर तीही वाट बंद करू शकते. आणखी एक बाब म्हणजे, नवा संगणक पहिले एक-दोन दिवस स्वतःच्या सुधारणा मोठ्या प्रमाणावर उतरवून घेत असतो. तेवढ्या काळात पाने संथ उघडली तर तो दोष नव्हे. थोडा धीर धरावा.

काही वेळा पडद्यावर 'डीएनएस' हा शब्द असलेला संदेश येतो. ही महाजालावरील नावांची सूची होय. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना केली. ग्राहकाला शाखेचे नाव लक्षात राहते, पण पैसे पाठविताना यंत्रणेला अकरा अक्षरांचा आयएफएससी संकेतांक लागतो. त्याचप्रमाणे आपण नाव टंकतो आणि यंत्रणा त्यामागचा आकडी पत्ता शोधते. ही सूची उत्तर देत नसेल, तर जोडणी धड असूनही पान सापडत नाही. संगणकातील ही मांडणी 'स्वयंचलित' आहे ना ते पाहावे. त्याने भागले नाही, तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ यांसारखी सार्वजनिक सूची वापरून पाहता येते.

या सर्व खटाटोपात एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहून ठेवावा आणि उपयोग न झाल्यास पूर्ववत करावा. चार बदल एकदम केले, तर पान उघडूनही कशाने उघडले हे कळत नाही, आणि न उघडल्यास नवे चार दोष मात्र पदरी पडतात.

आता बाईंच्या लॅपटॉपकडे येतो. त्यावर कोणतेच सुरक्षित पान उघडत नव्हते, आणि पडद्यावरील इंग्रजी इशारा सांगत होता, की आपले घड्याळ मागे आहे. "घड्याळाचा आणि बँकेचा काय संबंध, म्हणून मी तिकडे लक्षच दिले नाही," असे बाई म्हणाल्या. संबंध मात्र थेट होता. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते आणि ते कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत ग्राह्य आहे, हे त्यावर नोंदलेले असते. आपल्याकडे १ एप्रिल २०१२ पासून धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिनेच ग्राह्य धरला जातो. खिडकीवरील दिनदर्शिकाच गतवर्षीची असेल, तर आजच्या तारखेचा प्रत्येक धनादेश पुढील तारखेचा वाटेल आणि परत केला जाईल. बाईंचा लॅपटॉप नेमके हेच करीत होता. त्यातील तारीख कित्येक महिने मागे होती आणि वेळ आपोआप जुळविण्याचा पर्याय बंद होता. मी सांगत गेलो आणि बाईंनी तो पर्याय चालू करून तारीख दुरुस्त केली. दोन मिनिटांत पान उघडले.

बाईंच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याने कदाचित 'धोका पत्करून पुढे जा' अशा अर्थाची कळ दाबली असती. हा मोह टाळलाच पाहिजे. इशाऱ्याचे कारण साधे असू शकते. पण कारण दूर करावे, इशारा ओलांडू नये. बँकेच्या पानावर तर कधीच नाही.

नव्या संगणकाची आणखी एक जोखीम आहे. जुन्या संगणकावर जपून ठेवलेले पत्ते त्यावर नसतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे विनामूल्य पाठबळ संपल्यामुळे अनेक घरांत नवे संगणक आले आहेत. अशा वेळी आपण बँकेचे नाव शोधयंत्रात घालतो आणि जे पहिले दिसेल ते उघडतो. तेथे हुबेहूब पण बनावट पान असू शकते. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या अंत्यनामाच्या पत्त्यावर जाण्यास सांगितले. हे अंत्यनाम बँकांपुरतेच राखीव असून त्याची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत होते. पत्त्याचा शेवट या शब्दांनी होतो का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. केवळ कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये. ते चिन्ह जोडणी सुरक्षित असल्याचे सांगते. पलीकडचा माणूस सचोटीचा आहे असे सांगत नाही.

माझे काही सहकारी म्हणतील, की आपण संगणक दुरुस्त करणारे नव्हेत. हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना ग्राहकाच्या संगणकाला आपण हातही लावू नये, त्याचा पासवर्ड वा ओटीपी आपल्या कानी वा दृष्टीस पडू नये. परंतु चार प्रश्न विचारण्यास यंत्रज्ञ असावे लागत नाही. एकच पान अडते की सर्व? एकाच उपकरणावर की सर्वांवर? पडद्यावरील इशाऱ्यात नेमके काय लिहिले आहे? संगणकावरील तारीख बरोबर आहे का? याला दोन-तीन मिनिटे लागतात. त्यानंतर एक वाक्य आवर्जून सांगावे, की मदतीचा क्रमांक शोधयंत्रातून घेऊ नका. पासबुकावर, कार्डाच्या मागे किंवा देयकावर छापलेला क्रमांकच वापरा. आणि फसवणूक झालीच, तर क्षणभरही न थांबता १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळविण्यास सांगावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे दुरुस्ती आणि निकड यांची फारकत करावी. त्या दिवशी आम्ही आधी बाईंचे शुल्क खिडकीवरूनच एनईएफटीने पाठविले, आणि मगच लॅपटॉप उघडला. शेवटचा दिवस डोक्यावर असताना माणूस घाईत असतो आणि भामट्यांचे फावते ते त्या घाईमुळेच. काम दुसऱ्या मार्गाने होऊ शकते, एवढे मी सकाळी फोनवर सांगितले असते, तर बाईंना तो अनोळखी क्रमांक शोधावाच लागला नसता.

आता आमच्या शाखेत दूरध्वनीशेजारी ते चार प्रश्न एका जाड कागदावर लिहून ठेवले आहेत. शब्द सोपे असावेत म्हणून त्याचा मसुदा बाईंना वाचावयास दिला होता. त्यांनी लाल शाईने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि खाली आणखी एक ओळ लिहिली : 'घाई असेल तर शाखेत या.' आम्ही ती ओळ तशीच ठेवली आहे.